विस्बीतला एक लांबलेला दिवस: लहान जहाज, जुनं बंदर आणि तासांचा हिशेब

स्वीडनच्या गोटलँड बेटावरच्या विस्बी या गावात तटबंदी आणि समुद्र यांच्यामध्ये आल्मेडालेन नावाची बाग आहे. बागेत उथळ तळं, तळ्यात बदकं, काठावर आइस्क्रीम खात बसलेली कुटुंबं. जवळच एक जाडजूड दगडी बुरूज उभा आहे. बाराव्या शतकातला हा बुरूज पुढे बंदुकीची दारू साठवायला वापरला गेला आणि तेच नाव त्याला चिकटलं. बांधला मात्र होता बंदराच्या राखणीसाठी. आज जिथे तळं आहे तिथेच ते बंदर होतं. जर्मनीतल्या ल्युबेक आणि लाटव्हियातल्या रीगाच्या व्यापाऱ्यांची जहाजं इथे लागायची, रशियातल्या नोव्हगोरोदकडची फर आणि मेण इथून पश्चिमेला जायचं. मग गाळ साचत गेला, बाल्टिक समुद्राच्या या भागात जमीनही हळूहळू वर येते, आणि बंदर समुद्राकडे सरकलं. मागे राहिलं ते हे तळं.

मी पर्यटन-नियोजन शिकवते, स्टॉकहोमला राहते. लहान, महागड्या जहाजांचा विषय निघाला की वर्गात एक विधान हमखास येतं: जुन्या बंदरांना लहान जहाज मानवतं, मोठं मानवत नाही. मीही ते अनेकदा ऐकवलं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझी आत्या पुण्याहून आली होती, तिच्याबरोबर मी अशाच एका जहाजाने विस्बीला गेले. त्या एका दिवसात ठरलेलं वेळापत्रक मोडलं, आणि एकाच गावाचे दोन वेगळे दिवस आम्हाला पाहायला मिळाले. ते प्रकरण इथे मांडते.

प्रवासाची आखणी

जहाज साधारण १४० मीटर लांबीचं, प्रवासी २०० च्या आसपास, आणि दर दोन प्रवाशांमागे एकाहून जास्त कर्मचारी. मार्ग स्टॉकहोम, विस्बी, क्रिस्टियान्स बेट, ट्राव्हेम्युंडे म्हणजे ल्युबेकचं समुद्रावरचं बंदर, मग बाल्टिकला उत्तर समुद्राशी जोडणाऱ्या कील कालव्यातून एल्ब नदी आणि शेवटी हॅम्बुर्ग. असा मार्ग लहान जहाजालाच जमतो. १८९५ साली खुला झालेला हा कालवा ९८ किलोमीटर लांब आहे आणि २३५ मीटरपेक्षा लांब जहाज त्यातून जाऊ शकत नाही. त्याहून मोठ्यांना डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, स्कागेनला वळसा घालावा लागतो. क्रिस्टियान्स बेट तर १६८४ पासूनचा डॅनिश किल्ला. वस्ती शंभराच्या आत, मोटारी नाहीत. जहाज बाहेर नांगरायचं आणि होडीने उतरायचं, एवढीच सोय.

या सगळ्यात विस्बीला मिळाले होते सकाळी आठ ते दुपारी तीन. दोनच्या आत परतायचं. इतक्या जुन्या गावाला इतका थोडा वेळ का, हे मी निघायच्या आधीच विचारलं होतं. उत्तर सरळ होतं. कालव्याच्या तोंडाशी जलपाशात, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दारांच्या कप्प्यात, शिरायची वेळ ठरलेली असते, तिथून मागे मोजत यायचं. विस्बी ते क्रिस्टियान्स बेट अंतर १७० सागरी मैलांच्या आसपास. तीनला निघालं तर जहाज रात्रभर संथ चालतं, इंधन कमी जळतं, प्रवाशांना झोप लागते आणि सकाळी बेटापाशी वेळेवर पोचता येतं. प्रत्येक कारण आपापल्या जागी योग्य होतं. पण त्या कारणांमध्ये विस्बी कुठेच नव्हतं.

गावाची बाजू

पुढचा प्रसंग कळायला विस्बीची थोडी पूर्वपीठिका हवी.

गोटलँड बेट बाल्टिकच्या जवळजवळ मध्यावर आहे. त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांनाच व्यापाराचा नाद होता. १९९९ मध्ये बेटाच्या ईशान्येला स्पिलिंग्स नावाच्या शेतात चांदीचा जो साठा सापडला तो ६७ किलोचा. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी होती आणि बहुतेक अरबी दिरहम, नवव्या शतकात पुरलेले. जगातला हा सर्वांत मोठा व्हायकिंग चांदीचा साठा मानतात. नंतर जर्मन व्यापारी आले, गाव वाढलं, तटबंदी उभी राहिली. ती ३.४ किलोमीटरची भिंत जवळजवळ अखंड आहे, आणि १९९५ मध्ये विस्बी जागतिक वारशाच्या यादीत गेलं त्याचं ती एक मोठं कारण. गावाने ही भिंत आपल्याच बेटावरच्या शेतकऱ्यांविरुद्धही वापरली. १२८८ मध्ये दोघांत युद्ध झालं. १३६१ च्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्देमार चालून आला तेव्हा शेतकरी भिंतीबाहेर कापले गेले आणि वेशी बंद राहिल्या. त्या सामूहिक कबरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणल्या गेल्या. चिलखतासकट पुरलेले सांगाडे निघाले. त्या जागी एक दगडी क्रूस आहे. विस्बीला गेलात तर तिथे जाऊन या. वेशीपासून फार लांब नाही, आणि तो पाहिल्याशिवाय भिंत नुसती सुंदर वाटते.

आता समुद्राची बाजू. विस्बीचा किनारा पश्चिमेला उघडा आहे. वारा नैऋत्येकडून वाढला की बाहेर नांगरलेल्या जहाजाला आडोसा राहत नाही. १५६६ च्या जुलैअखेर डेन्मार्क आणि ल्युबेकचं संयुक्त आरमार इथे नांगर टाकून थांबलं होतं, लढाईत पडलेल्या एका डॅनिश सरदाराला विस्बीत दफन करण्यासाठी. रात्री वादळ आलं. पंधराएक जहाजं किनाऱ्यावर आपटून फुटली, हजारो माणसं बुडाली.

प्रवासी जहाजं मोठी होत गेली तसा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. लहान जहाज बंदराच्या आत येऊ शकत होतं. मोठ्याला बाहेर नांगरून होड्यांनी माणसं उतरवावी लागत. हिशेब मांडून बघा: दोन हजार माणसांना उतरायचं आहे, चार होड्या आहेत, प्रत्येकीत शंभर माणसं आणि एका फेरीला चाळीस मिनिटं. सगळे किनाऱ्यावर यायला तीन तासांहून जास्त, परत जायला तेवढेच. मध्ये लाटा वाढल्या तर कप्तान उतरवणंच रद्द करतो, आणि गावात मांडलेली खुर्च्या-टेबलं तशीच राहतात.

म्हणून गोटलँडच्या प्रशासनाने खास मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधला. खर्च सुमारे २५ कोटी स्वीडिश क्रोना. चालवायला घेतला कोपनहेगन माल्मो पोर्ट या कंपनीने, २० वर्षांच्या कराराने. २०१८ मध्ये तो सुरू झाला, आणि ३४० मीटरपर्यंतची जहाजं थेट लागू लागली. तुलनेसाठी सांगते: १९६२ मध्ये ब्रेमेनजवळ नदीत सापडलेलं, १३८० सालचं, हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या काळातलं मालवाहू जहाज २३ मीटरांचं आहे. आल्मेडालेनच्या तळ्याशी लागणारी जहाजं त्याच घराण्यातली.

धक्क्याला दोन उन्हाळे मिळाले आणि २०२० ची साथ आली. त्यातून सावरताना फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि जहाज कंपन्यांनी सेंट पीटर्सबर्ग सोडलं. याचा परिणाम बाहेरून लक्षात येत नाही. बाल्टिकच्या सहलींचा मधला खांबच तो होता. जहाजाने आलेल्या प्रवाशांना परवानाधारक सहलीबरोबर ७२ तास व्हिसाशिवाय उतरता यायचं, त्यामुळे बहुतेक जहाजं तिथे रात्रभर थांबायची. बाकीची बंदरं त्या मुक्कामाच्या अलीकडे-पलीकडे बसवलेली असायची. खांब गेल्यावर काही कंपन्यांनी बाल्टिकमधल्या फेऱ्या कमी केल्या, काहींनी मोकळे झालेले दिवस विस्बी, ग्दान्स्क, क्लाइपेडा, बोर्नहोम अशा बंदरांत वाटले. पण वाटले ते तुकड्यांनी. पीटर्सबर्गला दोन दिवस देणाऱ्या त्याच कंपन्या विस्बीला सहा-सात तास देऊ लागल्या. मला हे मनापासून खटकतं. रिकाम्या झालेल्या दिवसांतून एका गावाला एक पूर्ण संध्याकाळ देणं अवघड नव्हतं.

सकाळ

आम्ही सव्वाआठला उतरलो. जहाज आतल्या धक्क्याला होतं, तटबंदी समोर दिसत होती. बाहेरच्या नव्या धक्क्याला आधीच दोन मोठी जहाजं लागली होती. माझ्या अंदाजाने दोन्हींची मिळून पाच हजार माणसं. तिथून गाव पायी दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे नऊला सगळे एकाच वेळी वेशीत.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. चालते चांगली, पण उतारावर गोल दगड असले की हात लागतो. विस्बी चुनखडीच्या कड्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेलं गाव आहे. खाली बंदराच्या अंगाची स्ट्रान्दगातान, मधे चौक, वर कॅथीड्रल आणि त्याच्या मागे उभा जिना. एकामागून एक गट छत्री उंच धरलेल्या मार्गदर्शकामागे चाललेले. आम्ही सांता कारिनच्या पडक्या चर्चपाशी थांबलो. छप्पर नाही, कमानी तेवढ्या उभ्या, वर आभाळ. गावातली मध्ययुगीन चर्चं जवळजवळ सगळी अशीच भग्न आहेत. १२२५ मध्ये पवित्र झालेलं सेंट मेरी तेवढं वापरात आहे. आत्याला कमानीखाली दोन मिनिटं बसायचं होतं. बाकावर जागा नव्हती. मागून माणसं येत होती, पुढे सरकावंच लागलं.

"गाव बघतेय की रांग बघतेय तेच कळेना," ती म्हणाली.

मी जे वर्गात शिकवते ते इथे पहिल्यांदा अडलं. आमचं जहाज लहान होतं, आम्ही दोनशेच होतो, पण त्या पाच हजारांत मिसळल्यावर आमचं जहाज लहान असण्याचा गावाला काही उपयोग नव्हता, आणि आम्हालाही नव्हता. धक्का जवळचा मिळाला, एवढाच फायदा. गावाच्या दृष्टीने आम्ही गर्दीत दोनशेची भर घातली, आणि दुपारचं जेवण तिकिटात धरलेलं असल्यामुळे आमच्यातले बरेच जण एकला जेवायला जहाजावर परतले. महागड्या जहाजाचा प्रवासी गावात जास्त खर्च करतो असं गृहीत धरलं जातं. ज्या जहाजावर सगळं आधीच भरलेलं असतं तिथे ते तपासूनच घ्यावं.

पर्यावरणाच्या बाबतीतही लहान म्हणजे आपोआप हलकं, असं नाही. माणशी जागा जास्त, माणशी नोकरवर्ग जास्त, म्हणजे माणशी इंधनही सहसा जास्तच लागतं. बाल्टिकमध्ये काही नियम मात्र सगळ्यांना सारखे आहेत आणि ते चांगले आहेत. २०१५ पासून जहाजाच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. प्रवासी जहाजांना मैला समुद्रात सोडता येत नाही. नव्या जहाजांना २०१९ पासून, बहुतेक जुन्यांना २०२१ पासून. तो बंदरात द्यायचा किंवा नायट्रोजन-फॉस्फरस काढणाऱ्या यंत्रणेतून शुद्ध करायचा. पाण्याची गोष्ट गोटलँडला फार जवळची आहे. बेटावर मातीचा थर पातळ, खाली भेगाळलेला चुनखडक, पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात बागेला नळाचं पाणी घालायलाही बंदी येते. २०१६ मध्ये हेर्विकला आणि २०१९ मध्ये क्वार्नओकेर्सहामनला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारले गेले. बाल्टिक इथे महासागराच्या साधारण एक पंचमांश इतकाच खारट आहे, त्यामुळे ते काम तुलनेने सोपं. जहाजाने पाणी स्वतः तयार करावं, बेटाकडे मागू नये, ही इथली साधी रीत असायला हवी.

बदललेली वेळ

दीडला आम्ही परतलो तेव्हा कप्तानाने घोषणा केली. नैऋत्येचा वारा रात्री वाढणार होता, क्रिस्टियान्स बेटापाशी सकाळी होड्या सोडता येणार नव्हत्या. ते बंदर रद्द. आतल्या धक्क्यावरची जागा मोकळी होती, म्हणून जहाज रात्री अकरापर्यंत विस्बीतच थांबणार, मग सरळ ट्राव्हेम्युंडे.

जेवणघरात नाराजी पसरली. किल्ल्याचं बेट हुकलं, आणि काहींनी तेवढ्यासाठीच ही सफर निवडली होती. त्यांचं वाईट वाटणं खरं होतं.

आम्ही विश्रांती घेतली आणि साडेचारला पुन्हा निघालो. मोठ्या जहाजांकडे परतणाऱ्यांचा लोंढा समोरून येत होता. साडेपाचला चौकात खुर्च्या रिकाम्या होत्या. सहाला गावातली माणसं दिसू लागली. सायकलवर पिशवी अडकवून घरी चाललेली बाई, गुलाबांच्या वेलीखाली शिडी लावून खिडकी रंगवणारा म्हातारा. तटबंदीच्या आत लोक राहतात हे सकाळी आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

सांता कारिनच्या फाटकाबाहेर आता बाक रिकामा होता. आत्या त्यावर अर्धा तास बसली. कमानींच्या दगडावर तिरपं ऊन आलं होतं, आणि ती एकेक कमान बघत होती. मग आम्ही चौकातच जेवलो. शेवटी केशराचं पॅनकेक मागवलं. इथली खासियत आहे ती: तांदूळ दुधात शिजवून, केशर-बदाम घालून भट्टीत भाजतात, आणि बरोबर बेटावरच्या ब्लॅकबेरीसारख्या फळांचा मुरंबा. पहिला घास घेऊन आत्या म्हणाली, "अगं, ही तर घट्ट झालेली केशरी खीर!" केशर आणि तांदूळ दोन्ही लांबून येणारे जिन्नस, एका व्यापारी बेटाच्या सणाच्या पदार्थात ते असणं साहजिकच. वाढणाऱ्या मुलीला आत्याने पुण्यातल्या केशरी भाताची कृती माझ्यामार्फत सांगितली, तिने ती लिहून घेतली. असं संभाषण सकाळच्या रांगेत झालं नसतं, आणि तिलाही वेळ मिळाला नसता.

उपाहारगृहाच्या मालकीणबाईंशी बोलले. त्यांचं म्हणणं: दिवसाच्या जहाजांमुळे पाणी आणि आइस्क्रीम तेवढं विकलं जातं, संध्याकाळी बसून जेवणारे येतात ते फेरीबोटीने आलेले, बेटावर मुक्काम करणारे. जहाजाची माणसं रात्री दिसली की त्यांना आश्चर्य वाटतं. हे एका बाईंचं एका संध्याकाळचं मत आहे, मोजदाद नव्हे. पण त्या रात्री आमच्या जहाजावरचे निदान चाळीसजण मला गावात जेवताना दिसले, तेही जहाजावर जेवण आधीच भरलेलं असताना.

आणखी एक गोष्ट, जी आखणीच्या कागदावर कधी नसते. आमच्या मजल्यावर खोल्यांची व्यवस्था बघणारा तरुण सासष्टीतला गोंयकार. घरात आजोबांपासून सगळे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. बाल्टिकमध्ये त्याचा हा तिसरा हंगाम, आणि विस्बीत तो एकदाही उतरला नव्हता. सात तासांच्या थांब्यात त्याचं काम संपत नाही. त्या रात्री त्याला आठ ते दहा सुटी मिळाली. आल्मेडालेनच्या तळ्याशी तो आम्हाला भेटला, आईला व्हिडिओ कॉलवर तटबंदी दाखवत होता. आत्याने त्याच्या आईशी मराठीत, त्यांनी आत्याशी कोंकणीत, दहा मिनिटं गप्पा मारल्या. सूर्य मावळायला साडेनऊ वाजून गेले होते, आभाळात उजेड अजून होता.

मी काय बदलेन

हे प्रकरण मी आता वर्गात देते तेव्हा जहाजाचा आकार शेवटी सांगते. आधी तीन गोष्टींच्या वेळा देते: मोठी जहाजं कधी येतात, कधी जातात, गावातली दुकानं-भोजनगृहं कधीपर्यंत उघडी असतात. लहान जहाजाची खरी ताकद म्हणजे त्याला आतला धक्का मिळतो आणि रात्री उशिरा निघालं तरी दोनशे माणसं दहा मिनिटांत परत येतात. तीन हजारांच्या जहाजाला ते इतकं सोपं नाही. ही ताकद असून सकाळी आठला, सगळ्यांबरोबर, तीनपर्यंतच थांबणं म्हणजे ती वाया घालवणं. विस्बीला दुपारी दोनला यावं आणि अकराला निघावं. जहाजांच्या आगमनाची वेळापत्रकं बंदरं हंगामाआधीच जाहीर करतात. नवा धक्का रिकामा असेल असा दिवस त्यातून शोधता येतो. त्या संध्याकाळचं जेवण तिकिटातून वगळावं, किंवा गावातल्या भोजनगृहात चालेल असं कूपन द्यावं.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. अकराला निघालं की पुढचं बंदर दुपारनंतर मिळतं किंवा जहाज वेगाने हाकावं लागतं, म्हणजे इंधन वाढतं. म्हणून एक थांबा कमी करावा लागतो. माहितीपत्रकावर पाच नावांऐवजी चार येतात, आणि विक्री करणाऱ्यांना ते आवडत नाही. आमच्या फेरीत तो थांबा वाऱ्याने कमी केला. कोणी ठरवून केला असता तर क्रिस्टियान्स बेटासाठीच आलेल्यांनी दुसरी सफर निवडली असती, आणि त्यांची निराशा टळली असती.

विद्यार्थी विचारतात, मग २५ कोटींचा धक्का चुकला का? माझ्या मते नाही. होड्यांनी उतरवण्यातली अनिश्चितता गेली, लाटांतला धोका गेला. राहिला प्रश्न एका दिवशी किती माणसं वेशीतून आत घ्यायची हा, आणि तो कप्तानावर सोडण्याचा नाही. वारा जे काम करत होता ते आता गावाला स्वतः करावं लागणार.

पावणेअकराला आम्ही डेकवर होतो. वारा सुटला होता, आत्याने माझी शाल ओढून घेतली. मुख्य भूमीवरून येणारी फेरीबोट बंदराच्या तोंडातून आत वळत होती, तिच्या दिव्यांत तटबंदी क्षणभर पिवळी दिसली. आमचे दोर सोडायला किनाऱ्यावर दोन माणसं उभी होती. ती माणसं फेरीबोट लागेपर्यंत थांबली, मग आमच्याकडे आली.